एकच मशीन निवडा: रास्पबेरी पायवर जुना स्पेक्ट्रम चालवायची पहिली शनिवारची शिकवणी

जुने कॉम्प्युटर रास्पबेरी पायवर, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर बसवलेल्या कॉम्प्युटरवर, चालवायचेत, कुठून सुरुवात करू, असं विचारणारे बरेच जण आधीच एक चूक करून आलेले असतात. कुणीतरी त्यांना 'दहा हजार गेम्स'वालं तयार मेमरी कार्ड विकलेलं असतं. कार्ड घालायचं, यादी सरकवत बसायचं, एकेक गेम दोन मिनिटं बघायचा, पुढचा. दोन रविवार असे जातात आणि मग तो बोर्ड कपाटात मिक्सरच्या जुन्या भांड्याशेजारी जाऊन बसतो.

म्हणून आधीच सांगतो. एकच मशीन निवडा. त्याच्यावर खेळायच्या आधी चार ओळी टाइप करा. या लेखात ते मशीन म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. सकाळी सामान आणलंत तर रात्रीच्या जेवणाआधी ते सुरू होतं.

आणखी एक घरगुती सूचना. घरच्यांना 'रास्पबेरी पाय' असं पूर्ण नाव एकदा समजावून सांगा. 'माझा पाय फार तापलाय' असं मी एकदा मोठ्याने म्हटलं, तर आई बामची बाटली घेऊन आली.

स्पेक्ट्रमच का

१९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने हे मशीन काढलं. आत झेड-८० जातीचा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, मेमरी १६ किंवा ४८ केबी. पायवर हे मशीन जो चालवतो तो इम्युलेटर हा साधा प्रोग्रामच असतो. तो झेड-८०ची एकेक आज्ञा वाचतो आणि मूळ चिपने जे केलं असतं तेच, तेवढ्याच वेळात, करून दाखवतो. पायचा प्रोसेसर त्याच्या शेकडो पट वेगाने धावतो, त्यामुळे त्याला घामही फुटत नाही.

आपल्याकडे हे मशीन अगदीच अनोळखी नव्हतं. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने त्याची देशी आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकली होती. शाळेत कॉम्प्युटर पाहिलेल्यांच्या आठवणीत मात्र बहुधा बीबीसी मायक्रो असेल, कारण १९८४मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून शाळांना तेच मिळाले. आमच्या शाळेत दोन होते. बूट बाहेर काढायचे, रांगेने आत जायचं, एका मशीनवर चौघं. कीबोर्डला हात लावायला मिळायचा तो हजेरीपटात ज्याचं नाव वर असेल त्यालाच. माझं आडनाव शेवटच्या अक्षरांमधलं. त्यामुळे मोह बीबीसीचाच होतो, पण नवख्याला मी स्पेक्ट्रमच सांगतो, आणि त्याचं मोठं कारण रॉमचं आहे.

रॉम म्हणजे मशीनच्या पोटातला कायमचा प्रोग्राम. तो नसेल तर इम्युलेटर म्हणजे नुसती रिकामी पेटी. त्यावर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. आपला कॉपीराइट कायदा प्रोग्रामला साहित्यकृतीच धरतो, आणि मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे 'जुनं आहे, आता फुकटच' हे म्हणणं ऐंशीच्या दशकातल्या कशालाच लागू होत नाही. स्पेक्ट्रमचं तसं नाही. १९८६मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला, आणि १९९९मध्ये तिने हक्क स्वतःकडे ठेवूनच इम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली. सरळ मार्गाने, शोधाशोध न करता, मूळ मशीन मिळतं ते हे.

सामान

ठिकाण अर्थात मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगा. लोकलने जात असाल तर स्लो पकडा, ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. पूर्वेला बाहेर पडायचं आणि चालत सुटायचं. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, म्हणून शनिवार, आणि तोही सकाळचा. दुपारनंतर काउंटरवर इतकी गर्दी होते की प्रश्न विचारायची सोय राहत नाही.

बोर्ड कोणता? माझं मत पाय ४, सगळ्यात कमी मेमरीचा मिळेल तो. पाय ५ या कामाला म्हणजे भाजी आणायला ट्रक. झीरो २ डब्ल्यू स्वस्त आहे, इवलासा आहे आणि स्पेक्ट्रमला पुरून उरतो. पण त्याला मिनी एचडीएमआयचा जोड लागतो, कीबोर्डसाठी ओटीजी केबल लागते, आणि ५१२ एमबी मेमरीत डेस्कटॉप रडतखडत चालतो. पहिल्याच दिवशी ती कटकट नको. इतर कंपन्यांचे असे बोर्ड स्वस्तात मिळतात. अडलात की उत्तर शोधायला तीन दिवस लागतात, एवढंच.

पाय ४ला मायक्रो एचडीएमआयची दोन तोंडं असतात. तशी केबल बोर्डाबरोबरच घ्या, नाहीतर घरी येऊन डोक्याला हात लावाल. टीव्हीची केबल चार्जरच्या तोंडाला लागून असलेल्या तोंडात घालायची. वर चिकटवायला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक घ्या. चिप ८० अंशांपर्यंत तापली की पाय आपणहून वेग कमी करतो, आणि मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत, बंद डबीत, तिथवर पोचायला त्याला वेळ लागत नाही.

मायक्रो-एसडी कार्ड (पायची सिस्टीम याच्यावरच बसते) १६ किंवा ३२ जीबीचं बास. ते मात्र ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन. फुटपाथवर घेतलेलं माझं ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर अगदी ६४ दाखवायचं, पण आठ जीबी भरले की पुढचं लिहिलेलं सगळं गायब. बाहेरचं छापील लेबल आणि आतला माल यांची ओळखदेखील नव्हती. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून बघतो. नवं कार्ड आणलं की रात्रभर तो लावून ठेवायचा ही सवय मला त्या फसवणुकीनंतर लागली.

आता चार्जर. इथे थोडं थांबतो, कारण नवख्यांच्या निम्म्या तक्रारी याच एका जागी उगवतात. पाय ४ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर हवेत. घरात मोबाइलचे सहा चार्जर पडलेले असताना सातवा कशाला, असं मलाही वाटलं होतं. पाय सुरू झाला, चित्र आलं, आणि उजव्या कोपऱ्यात एक पिवळी वीज चमकून गेली. मी म्हटलं, छान, काहीतरी डिझाइन दिसतंय. ती धोक्याची खूण असते. बोर्डापर्यंत पोचणारा दाब ४.६ व्होल्टच्या आसपास खाली गेला की ती उमटते. चार दिवस आवाज तुटत राहिला, कीबोर्ड मधेच मरायचा, मी इम्युलेटरला शिव्या घालत होतो, आणि पाचव्या दिवशी कार्डावरची सिस्टीम उठेचना. चार्जरवर ३ अँपिअर छापलेलं होतं, ते खरंही असेल. घोळ केबलचा होता. लांब आणि बारीक केबलमध्ये वाटेतच दाब गळतो, चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही तसं. पायसाठी बनवलेला, केबल पक्की जोडलेला चार्जर घ्या आणि विषय संपवा. वीज दिसली तर दुसरं काहीही तपासण्याआधी चार्जर बदला.

कार्ड तयार करणं

घरच्या लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्राम उतरवून घ्या. तो तीन गोष्टी विचारतो: बोर्ड कोणता, सिस्टीम कोणती, कार्ड कोणतं. सिस्टीममध्ये तो स्वतः सुचवतो तीच, डेस्कटॉपवाली, निवडा. कार्ड निवडताना नाव आणि आकार दोनदा वाचा. बाजूला फोटोंची हार्ड डिस्क लावलेली असेल तर आधी काढून ठेवा, पुसलेले लग्नाचे फोटो परत येत नाहीत.

लिहायला सुरुवात करण्याआधी सेटिंग भरायची संधी मिळते. ती टाळू नका. नाव, पासवर्ड, घरचं वाय-फाय, देश भारत. आणि कीबोर्डची ठेवण 'यूएस' ठेवा. पायचं माहेर इंग्लंड, त्यामुळे ब्रिटिश ठेवण राहून जाते, आणि आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकन ठेवणीचे असतात. मग २ आकड्यावरचं चिन्ह दाबलं की अवतरणचिन्ह येतं, ३वर पौंडाची खूण येते, आणि पासवर्डात 'अ‍ॅट' असेल तर तुम्ही स्वतःच्याच मशीनबाहेर उभे.

कार्ड पायमध्ये, कीबोर्ड-माउस, टीव्ही, आणि सगळ्यात शेवटी वीज. पहिल्यांदा उठायला वेळ घेतो. चहा टाका.

फ्यूज बसवणं

स्पेक्ट्रमच्या इम्युलेटरचं नाव फ्यूज. मेनूमधल्या प्रेफरन्सेसमध्ये सॉफ्टवेअर घालण्या-काढण्याची सोय आहे, तिथे हे नाव शोधा. पण थांबा. पायची सिस्टीम लिनक्सची, आणि लिनक्समध्ये फाइल-सिस्टीमच्या कामाचाही एक 'फ्यूज' आहे, आणि यादीत तोच आधी दिसतो. त्याच्यावर खूण करून 'काहीच उघडत नाही' म्हणणारे मी पाहिलेत. आपल्याला हवा तो 'फ्यूज-इम्युलेटर-जीटीके'. त्याच्याबरोबर 'स्पेक्ट्रम-रॉम्स' नावाचं पॅकेजही घ्या.

उघडल्यावर पांढऱ्या चौकटीत खाली १९८२ आणि सिंक्लेअर रिसर्चचं नाव असलेली एकच ओळ दिसली पाहिजे. ती दिसली की मूळ रॉम चालू आहे. दुसरंच काही आलं तर रॉमचं पॅकेज राहिलंय.

आता टाइप करा

एंटर दाबा. खाली लुकलुकणारा 'के' येईल. पी दाबा. पी उमटत नाही, अख्खा 'प्रिंट' हा शब्द उमटतो. मशीन बिघडलेलं नाही. स्पेक्ट्रमला जेमतेम ४० बटणं, आणि मेमरी वाचवायला 'बेसिक' ही अख्खी प्रोग्रामिंगची भाषा त्या बटणांवर बसवलेली. 'के' लुकलुकत असेल तेव्हा एक बटण म्हणजे एक आज्ञा: पी प्रिंट, जी गो-टू, आर रन, जे लोड, बी बॉर्डर. तुमच्या कीबोर्डवरचं शिफ्ट हे त्याचं कॅप्स शिफ्ट, आणि कंट्रोल हे त्याचं सिम्बॉल शिफ्ट. अवतरणचिन्ह कंट्रोल आणि पी, स्वल्पविराम कंट्रोल आणि एन. चुकलं की बॅकस्पेस.

बी दाबून २ लिहा, एंटर. कडा लाल झाली? झालं, तुम्ही स्पेक्ट्रमशी बोललात.

आता या सगळ्यातला माझा आवडता भाग. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही, पण २१ अक्षरं तो आपल्याला स्वतः काढू देतो. एकेक अक्षर म्हणजे आठ गुणिले आठ ठिपके. गणिताची चौकटीची वही घ्या, आठ घरांचा चौकोन आखा, त्यात 'प' बसवा. वरची पूर्ण ओळ भरली की शिरोरेखा. मग डावीकडून दुसरं आणि सातवं घर, असं तीन ओळी. चौथ्या ओळीनंतर डावी रेघ आडवी वळून उजव्या दांड्याला मिळते. पुढे नुसता दांडा. प्रत्येक ओळीत घरांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या घरांची बेरीज करा. आठ ओळींचे आठ आकडे येतात: २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, २.

हे आकडे मेमरीत ६५३६८ या पत्त्यापासून ओळीने ठेवायचे. ओ दाबलं की 'पोक' उमटतं. त्यापुढे ६५३६८, मग स्वल्पविराम, मग २५५, एंटर. खाली 'ओके' आलं की पुढचा पत्ता ६५३६९ आणि ६६. असं ६५३७५ आणि २पर्यंत, एकूण आठ वेळा.

आता दाखवा म्हणायचं. पी, अवतरणचिन्ह, मग शिफ्ट आणि ९. कर्सर 'जी' होईल. ए चार वेळा दाबा. शिफ्ट आणि ९ परत, अवतरणचिन्ह, एंटर. पडद्यावर चार 'प' येतात, आणि वरची ओळ काठापासून काठापर्यंत भरलेली असल्याने त्यांची शिरोरेखा सलग जुळलेली असते. ४८ केबीच्या मशीनवर, ज्याच्या कर्त्यांनी देवनागरीचा विचारही केला नव्हता. माझी भाची शेजारी उभी होती. तिने विचारलं, "मामा, याला काना कुठे द्यायचा?" तोही एक वेगळा चौकोन आहे, तो तिने स्वतः वहीत काढला. 'ट'चे आठ आकडे तुम्ही काढा. दुसऱ्या अक्षराची जागा ६५३७६पासून सुरू होते आणि ते बी बटणावर मिळतं.

काम झालं की एफ-२ दाबून मशीन आहे त्या अवस्थेत जतन करा, फाइलच्या नावाला शेवटी टिंब देऊन एसझेडएक्स जोडा. पुढच्या वेळी एफ-३ने ती उघडली की अक्षरं जिथल्या तिथे.

टेप

स्पेक्ट्रमचे गेम्स तेव्हा गाण्यांच्या कॅसेटसारख्या टेपवर यायचे. त्या टेपच्या फाइलीही एफ-३नेच उघडतात, आणि फ्यूज त्या चुटकीसरशी भरतो. तरी एकदा मीडियाच्या ऑप्शन्समध्ये जाऊन फास्टलोडिंग आणि टेप ट्रॅप्स या दोन खुणा काढा. मग कडेला आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावतात, आणि कानात तो किर्र आवाज. मोठा गेम भरायला असे चार-पाच मिनिटं लागायची. दरवेळी नको, पण एकदा पूर्ण ऐका.

गेम्स कुठून आणायचे? स्पेक्ट्रमसाठी आजही नवे गेम्स लिहिणारी माणसं आहेत, आणि त्यातली बरीच जण ते स्वतः फुकट देतात. तिथून सुरुवात करा. जुन्यांपैकी काहींना हक्कदारांची परवानगी आहे, काहींना स्पष्ट नकार. खेळताना बाण शोधू नका. त्या काळची रीत क्यू वर, ए खाली, ओ डावीकडे, पी उजवीकडे. बोटांना दोन दिवसांत सवय होते.

चित्र अडखळतंय?

सरकणारं चित्र बारीक झटके देत असेल तर पायला दोष देऊ नका. स्पेक्ट्रम सेकंदाला ५० चित्रं काढतो, कारण तो 'पाल' या ब्रिटनच्या (आणि आपल्याही) जुन्या टीव्ही-पद्धतीसाठी बनला. तुमचा पडदा ६० दाखवतोय. पन्नास साठात समान वाटले जात नाहीत, मग काही चित्रं दोनदा दिसतात. पायच्या स्क्रीन सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडता येतात का बघा. आपल्याकडचे टीव्ही सहसा ते घेतात, कॉम्प्युटरचे मॉनिटर बरेचदा नाही. टीव्हीमध्ये 'गेम मोड' असेल तर तोही लावा. चित्र सुंदर करायच्या नादात टीव्ही उशीर करतो आणि उडी खड्ड्यात पडते.

कुणाकडे डबा टीव्ही शिल्लक असेल तर तो भंगारात देऊ नका. पाय ४च्या हेडफोनच्या तोंडातून चित्रही निघतं, मात्र ती सोय सेटिंगमध्ये चालू करावी लागते. चित्र काळंपांढरं आलं तर ते अमेरिकन एनटीएससी पद्धतीचं निघतंय, ते पाल करा. आणि केबल कॅमकॉर्डरची असेल तर तिच्यात व्हिडिओ आणि अर्थिंग यांच्या जागा बरेचदा उलट असतात. चित्रच येत नसेल तर आधी तिच्यावर संशय घ्या.

पुढचं मशीन

महिनाभर स्पेक्ट्रम वापरलात की मग फिरा. कमोडोर ६४साठी व्हाइस हा इम्युलेटर आहे, पण डेबियनमधल्या (पायची सिस्टीम ज्या लिनक्सवर बेतलीय त्यातल्या) त्याच्या पॅकेजात रॉम येत नाहीत. अमिगासाठी अ‍ॅमिबेरी, रॉम विकत मिळतो. बीबीसी मायक्रोसाठी बी-एम. त्यात एक गंमत आहे: पायमधला आर्म प्रोसेसर मूळचा एकॉर्न कंपनीचा, बीबीसी मायक्रो बनवणाऱ्यांचा, आणि त्याच्या आराखड्याची पहिली चाचणी बीबीसी बेसिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर झाली होती. म्हणजे इथे नातू आजोबांची नक्कल करतो. रेट्रोपायसारखी सगळं एकत्र देणारी सिस्टीम वाईट नाही, फक्त तिची पाळी शेवटी. आणि ती फुकट आहे, गेम्स भरून विकायला तिच्या कर्त्यांची मनाई आहे, हे 'दहा हजार'वाल्याला सांगून बघा.

पावसाळ्यात पाय बरेच दिवस बंद राहणार असेल तर कार्ड काढून, सिलिका जेलच्या पुडीसकट झाकणाच्या डब्यात ठेवा. समुद्राची हवा सोन्याच्या मुलाम्यालाही सोडत नाही. आणि बंद करताना भिंतीवरचा खटका थेट पाडायचा नाही. मेनूतून शटडाउन, मग बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट बघायची, मग खटका. आईला हेही सांगून ठेवलंय, कारण झोपायच्या आधी घरातले सगळे खटके तीच पाडते.